खोडलेला परिच्छेद

महास्फोटाचं नाव काढलं की मराठी वाचकाला हमखास जयंत नारळीकर आठवतात, आणि तेही त्या सिद्धान्ताचे विरोधक म्हणून. त्यांचे केंब्रिजचे गुरू फ्रेड हॉईल पक्के नास्तिक. विश्वाला सुरुवात होती असं म्हटलं की मागच्या दारानं देव आत येतो, अशी त्यांना शंका होती. १९४९ साली बीबीसी रेडिओवर ‘बिग बँग’ हे नाव त्यांनीच दिलं, आणि तेच रूढ झालं. पण हा सिद्धान्त ज्यानं प्रथम मांडला तो कॅथलिक फादर होता, हे आमच्या वसईतही फार थोड्यांना ठाऊक असतं.

रविवारी मिस्सा झाल्यावर मी नववी-दहावीच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. उत्पत्तीचा पहिला अध्याय आला की प्रश्न ठरलेलाच: सर, सहा दिवस खरे की १,३८० कोटी वर्षं? यावर एक तयार उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतं, प्रवचनांतूनही ऐकलंय. देवानं प्रथम प्रकाश निर्माण केला असं शास्त्रात आहे, तोच महास्फोट. बघा, विज्ञानानंही शेवटी मान्य केलं! माणसं खूश होतात. पुष्पक विमानाच्या गोष्टीला हसणारे आपलेच लोक इथे मान डोलावतात तेव्हा मला चीड येते. ज्या धर्मसभेनं १६३३ साली गॅलिलिओला गुडघे टेकायला लावले, तिच्या लेकरांनी तरी विज्ञानाकडे प्रशस्तिपत्रक मागायला जाऊ नये.

बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र तसे गेले नाहीत. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढलेला हा तरुण १९२३ साली धर्मगुरू झाला आणि लगोलग केंब्रिजला एडिंग्टन यांच्याकडे खगोलशास्त्र शिकायला गेला. विश्व प्रसरण पावतंय असं दाखवणारा निबंध त्यांनी १९२७ साली छापला. त्याच वर्षी ब्रसेल्समध्ये आइनस्टाइन भेटले आणि म्हणाले, गणित बरोबर आहे, पण यातलं पदार्थविज्ञान सहन होण्यासारखं नाही. लमेत्र खचले नाहीत. १९३१ साली ‘नेचर’मध्ये त्यांचं एक छोटंसं पत्र आलं: सगळ्या विश्वाची सुरुवात एकाच आदिम कणापासून झाली असावी.

या पत्राचा टंकलिखित मसुदा आजही उपलब्ध आहे. त्याच्या शेवटी एक छोटा परिच्छेद होता. आशय असा, की परमेश्वर मुळातच लपलेला आहे, आणि आजचं पदार्थविज्ञान त्याच्या निर्मितीवर पडदा टाकतं याचा श्रद्धावंताला आनंदच वाटावा. छापायला देण्याआधी लमेत्र यांनी तो खोडून टाकला. ‘नेचर’च्या पानावर देवाचा उल्लेखही नाही.

मला त्या खोडण्याइतकंच जे खोडलं तेही मोलाचं वाटतं. देव सापडला म्हणून हा फादर हर्षभरित झालेला नाही. देव दुर्बिणीच्या टप्प्यात येत नाही, याचं त्याला समाधान आहे. यशया संदेष्टाही लपलेल्या देवाविषयीच बोलतो. नारळीकरांचा संशयवाद आणि लमेत्र यांची श्रद्धा या जागी एकमेकांच्या फार लांब नाहीत, असं मला कधी कधी वाटतं. दोघांनाही सोपी सुरुवात नको होती.

१९५१ साली खुद्द पोप बारावे पायस यांनीच रोममधल्या भाषणात असं सुचवलं, की हे नवं विज्ञान निर्मितीच्या त्या आदिक्षणाचीच साक्ष देतं. लमेत्र अस्वस्थ झाले. त्यांना कारण होतं. खगोलशास्त्रज्ञ हबल यांच्या तेव्हाच्या आकड्यांनी विश्वाचं वय जेमतेम दोनशे कोटी वर्षं भरत होतं, म्हणजे पृथ्वीवरच्या जुन्या खडकांपेक्षाही कमी. आकाशातून येणारे वैश्विक किरण ही त्या आदिम कणाची राख आहे, असं लमेत्र स्वतः धरून चालले होते. तेही पुढे टिकलं नाही. खरा पुरावा, आकाशभर पसरलेली सूक्ष्मलहरींची पार्श्वभूमी, १९६५ साली प्रसिद्ध झाला आणि जून १९६६ मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, रुग्णशय्येवर त्यांच्या कानावर गेला. विश्वास वैश्विक किरणांच्या खुंटीला टांगला असता तर तो कधीच खाली पडला असता.

इथवर मुलांना पटतं. पण मग सगळेच एक सोयीची वाटणी करून मोकळे होतात: ‘कसं’ ते विज्ञानाचं, ‘का’ ते धर्माचं, मामला खतम. मला हे इतकं सरळ वाटत नाही. आजारी लेकरासाठी नोव्हेनाची प्रार्थना करणारी आई आणि त्याला अँटिबायोटिक देणारी आई एकच असते, आणि देवानं ऐकलं असं ती म्हणते तेव्हा घडलेल्या गोष्टीविषयीच काहीतरी म्हणत असते. लमेत्र यांच्याही डोक्यात दोन कप्पे नव्हते. असते तर तो परिच्छेद टाइप झालाच नसता. मनात दोन्ही एकत्र होतं, फक्त विज्ञानाच्या नियतकालिकात काय छापायचं याचं तारतम्य होतं.

गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलं, “सर, पण नारळीकर बरोबर निघाले असते तर?” म्हटलं, लमेत्र यांनी निबंध दुरुस्त केला असता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी मिस्सा केली असती. तिचं समाधान झालं नाही. “म्हणजे आपण कशानंच खोटे ठरत नाही? मग त्यात काय मजा?” प्रश्न चोख होता. तिला बायबल उघडायला लावलं. करिंथकरांस पहिलं पत्र, पंधरावा अध्याय. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आपली सगळी श्रद्धा फुकट, असं पौल तिथे उघड लिहून मोकळा होतो. म्हणजे खोटं ठरण्याची जागा आहे. ती येरुशलेमजवळच्या एका थडग्यापाशी आहे आणि आदिम कणाशी तिचा काही संबंध नाही. तिनं अध्याय पूर्ण वाचला आणि म्हणाली, थडगं रिकामं होतं हे कुणी कुणी पाहिलं, ते पुढच्या रविवारी आधी सांगा.