बुधवारची मीटिंग

2003 साली आमच्या गावच्या जत्रेत आम्ही 'एकच प्याला' केले होते. सुधाकर मी. देवळासमोरच्या मंडपात रात्री नाटक रंगते म्हणजे काय, ते गोव्यातल्या वाचकांना सांगायला नको. बायका पदर डोळ्यांना लावून रडल्या. पडदा पडल्यावर तोंडाचा रंग पुसण्याआधीच आमच्या तळीरामाने देवळामागच्या कुळागरात फेणीची बाटली फोडली आणि आर्य मदिरा मंडळाची गोमंतक शाखा स्थापन झाल्याचे जाहीर केले. केवढे हसलो आम्ही! त्या शाखेचा पुढची चौदा वर्षे मी नियमित सभासद होतो.

दारूचे पुराण लांबवत नाही. ते सगळ्यांचे सारखेच असते. सकाळी कचेरीत वेळेवर, फायली चोख, आणि संध्याकाळी बसस्टँडकडे जाताना पाय आपोआप वळायचे. एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने हमरस्त्यालगतचे बार बंद झाले, तेव्हा बायकोला वाटले देव पावला. माझा नेहमीचा बारही त्यात गेला. मी आठ मिनिटे आत चालत जाऊन दुसरा शोधला. आदेशातून वाट काढायची आम्हा सरकारी माणसांना सवयच असते.

मग आली त्या वर्षीची चवथ. वडिलांमागे माटोळी बांधायचे काम माझ्याकडे आलेले. आदल्या संध्याकाळी सुपारीचा घोस हातात घेऊन स्टुलावर चढलो आणि माटोळीसकट खाली आलो. स्टूल धरून माझी नऊ वर्षांची मुलगी उभी होती. सुदैवाने तिला लागले नाही. कुणी काही बोलले नाही. तिने माझ्या हातातला घोस काढून घेतला आणि काकाला नेऊन दिला. धाकट्या भावाने मुकाट्याने सगळे पुन्हा बांधले.

आठवड्याने शर्टाच्या खिशात विजेच्या बिलाच्या घडीत एक कात्रण सापडले. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, चार ओळी आणि एक फोन नंबर. बायकोने ते कधी कापून ठेवले होते कोण जाणे, कात्रण पिवळे पडले होते. कचेरीमागच्या जिन्यात उभा राहून फोन केला. पलीकडच्या माणसाने नाव, गाव, खाते काही विचारले नाही. आपणही त्यातलाच, एवढे सांगितले आणि मीटिंगच्या जागा व वार वाचून दाखवले. फोंड्याची जागा घराजवळ पडली असती, म्हणून ती टाळली. मुद्दाम म्हापसा निवडले. तिथे आपल्याला कोण ओळखणार?

जागा चर्चच्या आवारातली. शाळेचा वर्ग, बुटकी बाकडी, किटलीत चहा, दहा-बारा माणसे. फाटकाजवळ दोनदा घुटमळलो. ख्रिस्तावांच्या प्रार्थनेला आलो की काय, असे मनात येत होते. पण आत माझ्या शेजारी कपाळाला गंध लावलेला एक दुकानदार बसला होता. प्रार्थना झाली, तीही ज्याला जसा उमगेल तशा देवाची. फी नाही. शेवटी एक टोपी फिरते, तीत ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे टाकावे. नव्याने टाकायची गरज नसते. 1935 साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही बुडालेले, एकमेकांशी बोलू लागले, त्यातून हे सगळे उभे राहिले. उपदेश करायला वर कुणी बसलेला नसतो, हे मला फार बरे वाटले.

चहाचा कप पुढे आला म्हणून मान वर केली, तर समोर आमच्या फोंडा-पणजी बसचा कंडक्टर! कितीदा तरी मला हलवून जागे करून माझ्या स्टॉपवर उतरवणारा. तोही ओळख टाळायलाच इतक्या लांब येत असणार. दोघेही कपाकडे बघत राहिलो.

बोलायची सक्ती नव्हती, तरी पाळी आल्यावर उठलो. सुधाकराची स्वगते म्हटलेला माणूस मी. पण तोंडात आले ते 'व्यसनाधीन', 'मद्यासक्त' असले शब्द. सदर अर्जदार व्यसनाधीन आहे, अशा थाटाचे वाक्य. ते काही पुरे होईना. आम्ही लिहितो मराठीत, नाटक-भजन करतो मराठीत, आणि घरात भांडतो, रडतो ते कोंकणीत. भाषावादाच्या दिवसांत आमच्या घरातली माणसे मराठीच्या मोर्चात होती, त्यामुळे हे लिहिताना जीभ अडखळते. पण त्या दिवशी बाहेर पडले ते "हांव बेबदो" एवढेच. रस्त्यावर झोकांड्या खात जाणाऱ्याच्या मागे लहानपणी आम्ही पोरे ओरडायचो, तोच शब्द. कुणी हसले नाही.

नंतर दुकानदार म्हणाला, माणूस दहाव्या ग्लासाने बुडत नाही, पहिल्याने बुडतो. फक्त आजचा तो पहिला टाळ. आता बोला! हे तर नाटकाच्या नावातच होते, आणि मी मात्र संवाद पाठ करत बसलो होतो.

त्यानंतर एकदा घसरलो, 2018 च्या हुर्राकाच्या दिवसांत. परत गेलो तेव्हा कुणी हिशेब मागितला नाही, चहा तेवढा पुढे आला.

पण त्या पहिल्या मीटिंगच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली. बसमध्ये चढलो तेव्हा छातीत धडधडत होते. गर्दीतून कंडक्टर आला, नेहमीसारखे पैसे घेतले, नेहमीसारखे तिकीट दिले नाही. ओळखीची एक रेषा चेहऱ्यावर नाही. पणजीला उतरताना दारात मात्र हळूच म्हणाला, "बुधवारा?"

मी मान हलवली आणि त्याने शिटी मारली.