बिल्बोची चौदावी वाटणी



चातुर्मासात आमच्याकडे संध्याकाळी टीव्ही बंद असतो. सूर्यास्ताआधी जेवणं आटोपतात आणि मग मुलांना रात्र मोठी वाटायला लागते. म्हणून यंदा लेकीने 'द हॉबिट' मोठ्याने वाचायला घेतलं. सासूबाई जपमाळ घेऊन बाजूला बसायच्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून माळ हातातच राहायची आणि कान पुस्तकाकडे.

हे पुस्तक इंग्लंडमध्ये १९३७ साली आलं. लिहिणारे टॉल्किन ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. छापण्याआधी प्रकाशकाने ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं, त्याने चांगलं म्हटलं आणि त्याबद्दल त्याला एक शिलिंग मिळाला. याच टॉल्किन यांची पुढची मोठी कादंबरी मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' नावाने मराठीत आणली आहे. पण घरात वाचायला हे आधीचं, छोटं पुस्तकच बरं.

बिल्बो बॅगिन्स हा त्यातला नायक. उंचीने लहान, वय पन्नास, एकटा, खाऊनपिऊन सुखी. त्याच्या घरी एकापेक्षा जास्त कोठ्या भरलेल्या. एके दिवशी गँडाल्फ नावाच्या जादूगाराच्या खटपटीने तेरा बुटके चहाला येऊन धडकतात आणि कोठ्या रिकाम्या करतात. सासूबाई म्हणाल्या, "न सांगता तेरा पाव्हणे, आणि घरात बाई नाही! कसं केलं असंल त्यानं?" दुसऱ्या दिवशी हा त्यांच्याबरोबर मोहिमेवर निघतो, तोही खिशात रुमाल न घेता.

मोहीम कशासाठी? थोरिन हा त्या बुटक्यांचा म्होरक्या. त्याच्या आजोबांचं राज्य डोंगराच्या पोटात होतं. स्मॉग नावाच्या ड्रॅगनने ते बळकावलं आणि सगळ्या सोन्यावर तो पसरून झोपला. बिल्बोला नेलं ते चोर म्हणून, कराराने, नफ्याच्या चौदाव्या हिश्श्यावर.

हा स्मॉग मला फार ओळखीचा वाटला. त्याला सोनं खायचं नाही, घालायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. पण बिल्बोने एक पेला उचलला, तर त्या एवढ्या ढिगातून तेवढाच गेला हे त्याला उठल्याबरोबर कळलं आणि तो आग ओकत बाहेर पडला. सासूबाई हसल्या. "आपलं नाही का, लॉकरमधलं दहा वर्षं बघत नाही, पण गेलं म्हटलं की झोप उडते." तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या करताना वस्तू मोजलेल्या नाहीत, त्यांनी मूर्च्छा म्हटलं आहे. पाठशाळेत आपण हे पाठ केलं. मला त्याचा अर्थ ड्रॅगनने समजावला म्हटलं तर हसू नका.

वाटेत बेऑर्न म्हणून एक जण भेटतो. तो मांस खात नाही म्हणून लेक खूष झाली, पण त्याचं सगळं मधावर चालतं. आपल्या अष्टमूलगुणांत मद्य-मांसाबरोबर मधही वर्ज्य, म्हणजे तो तिथेच नापास. शिवाय शत्रू सापडला की तो मारतो.

गॉलमचा प्रसंग मात्र आम्ही दोनदा वाचला. अंधाऱ्या गुहेत तळ्याकाठी एकटा राहून तो विचित्र झालेला. त्याची अंगठी बिल्बोला सापडली आहे, ती घालून बिल्बो अदृश्य आहे, हातात तलवार आहे आणि गॉलम वाट अडवून बसलाय. मारणं सोपं होतं. पण त्या क्षणी बिल्बोला त्याचं आयुष्य दिसतं, उजेड नाही, माणूस नाही, आणि तो त्याच्यावरून उडी मारून निघून जातो. पहिल्या आवृत्तीत हे असं नव्हतंच. तिथे गॉलम पैज हरल्यावर अंगठी द्यायला आपण होऊन तयार होता. टॉल्किन यांनी १९५१ च्या आवृत्तीत ते बदललं आणि दया तेव्हा आत आली.

आता थोरिन. शूर, मानी, घर गमावलेला. मला तो आवडत होता. स्मॉग मरतो, पण मरण्याआधी सरोवरावरचं गाव जाळून जातो. ज्या बार्डने त्याला मारलं तो बेघर लोकांसाठी सोन्याचा वाटा मागायला येतो. थोरिन नाही म्हणतो. आजोबांचा आर्केनस्टोन हा हिरा त्याला हवा आहे, तो सापडेपर्यंत त्याला काही सुचत नाही. लेक म्हणाली, "आई, हाच आता ड्रॅगन झाला." आणि हिरा असतो बिल्बोच्या खिशात! मोहात पडूनच त्याने तो लपवलेला असतो. रात्री दोराने उतरून तो शत्रूच्या छावणीत जातो आणि हिरा बार्डच्या हाती देतो, की हा दाखवून तह करा. माझ्या वाटणीचा चौदावा हिस्सा हाच समजा, म्हणतो. ही चोरी की नाही, यावर आमच्याकडे दोन दिवस वाद झाला. अचौर्य अणुव्रताच्या कसोटीवर मी त्याला पूर्ण मार्क देणार नाही. पण हिरा देऊन तो पळत नाही, परत थोरिनकडेच जातो. पुढे थोरिन त्याला तटावरून फेकायला निघतो.

तरी पाच सैन्यांची लढाई होतेच. मला कुंभोजची अठ्ठावीस फुटी मूर्ती आठवली. भरत-बाहुबलींचं भांडण आलं तेव्हा मंत्र्यांनी सैन्यं बाजूला ठेवून दोघा भावांनाच लढायला लावलं. थोरिनला तसं सांगणारं कुणी नव्हतं. मरताना तो बिल्बोला बोलावून आपले शब्द मागे घेतो. हिरा त्याच्या छातीवर ठेवून त्याला पुरतात.

इथे मला वाचवेना. माझ्या माहेरी दोन काका एका शेताच्या बांधावरून बोलायचे थांबले. दरवर्षी क्षमावाणीला दोघं मंदिरात यायचे, सगळ्यांना 'उत्तम क्षमा' म्हणायचे आणि एकमेकांसमोरून निघून जायचे. अकरा वर्षं. थोरले काका गेले तेव्हा धाकटे काका उंबऱ्यापाशी उभे होते, आत आले नाहीत. थोरिनला निदान शेवटचे चार शब्द मिळाले.

सासूबाईंनी ते ऐकलं. उत्तम आकिंचन्याच्या दिवशी मंदिरातून आल्यावर त्यांनी आपला कोल्हापुरी साज बाहेर काढला. गुजरीत घडवलेला, एकवीस पानांचा. "दोन सुना, एक लेक. मी हाय तोवर ठरवा," एवढंच म्हणाल्या. जाऊबाईंना तो मोडायला नको आहे, वन्सं काही बोलत नाहीत. मी म्हटलं, मला वाटा नको, वन्संना अख्खा द्या. तर लेक म्हणाली, "बिल्बोने पण दोन छोट्या पेट्या घेतल्या होत्या की, एक सोन्याची, एक चांदीची." खरं आहे, तो काही मुनी नव्हता. परिग्रह-परिमाण पाळणारा गृहस्थच म्हणायचा. मग मी दोन पानं मागितली.

"पानं काढली तर साज ऱ्हातो व्हय?" सासूबाई म्हणाल्या.

वन्सं रविवारी सांगलीहून येणार आहेत.