दाढेखालची लवंग

परदेशी उच्चशिक्षणासाठीच्या जीआरई परीक्षेची तयारी करायला येणाऱ्या मुलांना इंग्रजी येत नाही, असं मुळीच नसतं. १९६४ साली वसलेल्या चेन्नईच्या अंबत्तूर इंडस्ट्रियल इस्टेटीत आता वर्कशॉपांच्या शेजारी आयटी पार्कही उभे आहेत. तिथे दिवसभर परदेशी क्लायंटला मेल लिहिणारी मुलं संध्याकाळी माझ्या क्लासला येतात. कामापुरतं इंग्रजी त्यांच्या हातात चांगलंच बसलेलं असतं. पण ‘गॅरुलस’ म्हणजे वाचाळ, हा शब्द त्या मेलांमध्ये कधी येत नाही. तसा मॅनेजर असतो. लिहायची सोय नसते.

मग सुरू होतो वर्डलिस्टचा रट्टा. बॅरन्सच्या जाड पुस्तकातली साडेतीन हजार शब्दांची यादी आमच्या पिढीनं अकारविल्हे घोकली. बहुतेकांची गाडी ‘सी’च्या पुढे सरकायची नाही. तरी त्या काळी ते थोडंफार चालून जायचं, कारण परीक्षेत सरळ विरुद्धार्थी शब्द विचारत. ऑगस्ट २०११ मध्ये ते प्रश्न गेले. आता वाक्यातल्या गाळलेल्या जागा भरायच्या किंवा सहा पर्यायांतून वाक्याचा अर्थ सारखा ठेवणारे दोन शब्द उचलायचे. एकच बरोबर आला तर गुण शून्य. सप्टेंबर २०२३ पासून पेपरही आखूड झाला. भाषेच्या भागात सत्तावीस प्रश्न आणि एकेचाळीस मिनिटं. शब्द नुसता ओळखीचा वाटून भागत नाही, तो वाक्यात कसा वागतो ते झटकन आठवावं लागतं.

म्हणून मी चित्रं काढून घेते. पद्धत जुनीच आहे. इंग्रजी शब्दाच्या उच्चारात आपल्या भाषेतला एखादा शब्द ऐकू येतो का, ते बघायचं आणि त्याला अर्थाशी बांधणारं चित्र काढायचं. ‘अबेट’ म्हणजे जोर ओसरणं. मराठी कानाला त्यात ‘बेट’ लगेच सापडतं. पुराचं पाणी ओसरतंय आणि मधे बेट उघडं पडतंय, एवढं काढलं की झालं. २०१५च्या डिसेंबरातला चेन्नईचा पूर पाहिलेल्या मुलांना ओसरणं म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. पण ती मुलं तमिळ बोलणारी, ‘बेट’ त्यांच्या कामाचं नाही. त्यांना त्यांचा शब्द शोधावा लागतो, आणि तमिळमध्ये तो माझ्यापेक्षा त्यांना लवकर सापडतो.

‘पॅलिएट’चं चित्र असंच एका मुलीनं काढलं. तमिळमध्ये ‘पल्’ म्हणजे दात. तिनं वहीच्या कोपऱ्यात सुजलेला गाल काढला, तोंडात किडलेली दाढ आणि दाढेखाली लवंग. शेजारच्या मुलानं विचारलं, ‘दात काढून टाकलेला का नाही दाखवलास?’ ती म्हणाली, ‘काढला तर पॅलिएट कसं होईल? दुखणं थांबलंय, कीड तशीच आहे.’ सगळा शब्द त्या लवंगेत आला. दुःख हलकं करायचं, मूळ कारणाला हात लावायचा नाही. नुसतं ‘कमी करणे’ एवढा अर्थ घोकलेला विद्यार्थी ‘क्युअर’ आणि ‘पॅलिएट’ समोरासमोर आले की गडबडतो. ही मुलगी गडबडणार नाही.

म्हणून तयार चित्रांची कार्डं आणि अ‍ॅपं मला फारशी पटत नाहीत. हल्ली संगणकाला सांगितलं की तो क्षणात रंगीत चित्र करून देतो. दिसतं छान, पण कीड ठेवायची की काढायची हा विचार त्यात मुलानं केलेला नसतो. आणि शिकणं तर नेमकं तिथेच होतं. बॉलपेनानं काढलेली वेडीवाकडी दाढ मला जास्त भरवशाची वाटते.

या पद्धतीला संशोधनाचा आधार आहे आणि संशोधनानंच तिचे कानही टोचले आहेत. १९७५ मध्ये स्टॅनफर्डच्या अ‍ॅटकिन्सन आणि रॉ यांनी विद्यार्थ्यांना १२० रशियन शब्द तीन दिवसांत शिकवले. उच्चार आणि चित्राची सांगड घालणाऱ्यांना ७२ टक्के शब्द आले, आपापल्या पद्धतीनं शिकणाऱ्यांना ४६ टक्के. सहा आठवड्यांनी मात्र हेच आकडे ४३ आणि २८वर उतरले. पहिले दोन आकडे क्लासच्या जाहिरातीला शोभतात, पुढचे दोन कुणी छापत नाही. पुढे २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या तेव्हा ही पद्धत कमी उपयोगाच्या गटात गेली. स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतरा-अंतरानं उजळणी करणं या दोन पद्धती वर राहिल्या. मला यात विरोध दिसत नाही. चित्रानं शब्द डोक्यात शिरतो, पण तिथे मुक्कामाला राहायचा तर त्याला पुन्हापुन्हा हाक मारावी लागते. माझ्या बॅचमध्ये चित्र झाकून अर्थ सांगायचा, काही दिवसांनी वाक्य करायचं, त्यानंतर चित्राचं नावही काढायचं नाही. परीक्षेच्या खोलीत ज्याला अजून दाढ आठवावी लागते, त्याची तयारी कच्ची.

उच्चार दगाही देतो. ‘एनर्व्हेट’ ऐकून एकानं ‘एनर्जी’ पकडली आणि दंड फुगवलेला पैलवान काढला. अर्थ नेमका उलटा, अंगातला जोर काढून घेणं. मी पैलवानावर काट मारायला लावली आणि मे महिन्यातलं ‘अग्नी नक्षत्रम्’ काढायला सांगितलं. इथे कडक उन्हाच्या त्या दिवसांना हेच म्हणतात. भरदुपारी अंबत्तूर स्टेशनावर अरक्कोणम लोकलची वाट पाहणारा, शर्ट पाठीला चिकटलेला माणूस त्यानं काढला. पुढच्या मॉक टेस्टमध्ये त्याचं ते उत्तर बरोबर आलं.

‘अल्बीट’, ‘नॉटविथस्टँडिंग’ यांची चित्रं मात्र आजवर कुणाला जमलेली नाहीत. हेच शब्द वाक्याची दिशा फिरवतात आणि गाळलेल्या जागेत होकारार्थी शब्द हवा की नकारार्थी, ते ठरवतात. त्यांच्यासाठी मी ‘द हिंदू’चा अग्रलेख हातात देते आणि वाक्य जिथे वळतं तिथे पेन्सिलीनं गोल करायला सांगते. त्या दिवशी वर्गात कुरकुर असते.