संगमावरचें केरो

संगम म्हटला कीं आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढें घाट, देवळें आणि माणसांनीं गजबजलेलें क्षेत्र उभें राहतें. दोन मोठ्या नद्या मिळतात तेथें मोठें नगर असावयाचेंच, हा समज आमच्याही मनांत पक्का रुजलेला होता. त्यामुळें अमेरिकेच्या नकाशावर मिसिसिपी व ओहायो या महानद्या जेथें एकत्र होतात, तेथल्या गांवाचें नांव इतक्या बारीक अक्षरांत कां छापलें असावें, हें कोडें आम्हांस बरेच दिवस पडलें होतें. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त सेंट लुईस येथें राहतो. त्याच्याकडे मुक्काम असतां एका रविवारीं सूनबाईंनीं फराळाचे डबे भरले आणि आम्ही सर्व मंडळी मोटारीनें दक्षिणेस सुमारें दीडशें मैलांवरील तें गांव पाहावयास निघालों.

गांवाचें नांव इजिप्तच्या राजधानीवरून ठेवलेलें आहे. पण तेथील लोक उच्चार 'केरो' असा करतात. इलिनॉय राज्याच्या या दक्षिण भागास 'धाकटें इजिप्त' म्हणण्याची चाल आहे, व थीब्ज, कर्नाक हीं नांवेंही जवळपास सांपडतात. १८१८ सालीं सेंट लुईसच्या एका व्यापाऱ्यानें येथें शहर वसविण्याचा घाट घातला, तेव्हां त्यास नाईलचें खोरें आठवलें असावें. पुढें १८३७ नंतर दुसऱ्या कंपनीनें लंडनमध्यें रोखे विकून पैसा उभा केला आणि तीही बुडाली. १८४२ सालीं डिकन्स येथून गेला, तो गांवाच्या नांवानें बोटें मोडीतच.

त्याची चिडचीड अगदींच अकारण नव्हती. दोन नद्यांच्या मध्यें जिभेसारखी निमुळती होत गेलेली ही जमीन इलिनॉय राज्यांतील सर्वांत सखल जागा आहे. समुद्र शेंकडों मैल दूर. तरी टोंकाशीं उंची अवघी २७९ फूट. सर्व गांवाभोंवतीं मातीचे व काँक्रीटचे तट आहेत, आणि उत्तरेकडून येणाऱ्या रस्त्यावर आगगाडीच्या पुलाखालीं एक अवाढव्य पोलादी दार टांगलेलें आहे. महापूर आला कीं तें खालीं सोडावयाचें, म्हणजे गांव सर्व बाजूंनीं बंद. गंमत अशी कीं, दोन महानद्यांच्या मध्यें असलेल्या या गांवांत रस्त्यावर उभें राहून नदी म्हणून दिसत नाहीं. तट चढून जावें लागतें.

प्रत्यक्ष संगमावर 'फोर्ट डिफायन्स' नांवाचें उद्यान आहे. १८६१ सालीं यादवी युद्धांत जनरल ग्रँट यांचा तळ केरो येथेंच होता. आम्ही गेलों त्या दिवशीं ओहायोचें पाणी हिरवट व मिसिसिपीचें गढूळ होतें, आणि दोन्ही प्रवाह बरेच अंतर शेजारीं शेजारीं, एकमेकांत न मिसळतां जातांना दिसले. भूगोलाच्या पुस्तकांत मिसिसिपी ही मुख्य नदी व ओहायो ही उपनदी. परंतु या जागीं पाणी मोजलें तर ओहायोचेंच अधिक भरतें. थोरलेपण पाण्याच्या मानानें ठरत नाहीं, दुसरें काय! आमच्या कुटुंबास दोन्ही पाणी एका ओंजळींत घ्यावयाचें होतें. पण पायाखालीं चिखल निघाल्यानें तो बेत अर्ध्यावरच राहिला.

आतां माणसांविषयीं. १८६० सालीं येथें २,१८८ लोक राहत होते. नुकतीच आगगाडी आलेली होती, आगबोटींचा व्यापार भरांत होता, आणि १९२० सालीं शिरगणतींत संख्या १५,२०३ भरली. ग्रंथालय, जकातीची भव्य इमारत, आणि ओल आंत येऊं नये म्हणून दुहेरी भिंती घालून एका पिठाच्या व्यापाऱ्यानें बांधलेला 'मॅग्नोलिया मॅनर' हा वाडा, हीं सर्व त्या चढत्या दिवसांचीं चिन्हें. पुढें १९५० सालीं १२,१२३, १९७० सालीं ६,२७७, २००० सालीं ३,६३२ आणि २०२० सालीं १,७३३. एवढीं माणसें आपल्याकडे एखाद्या लग्नास जमतात!

हा ऱ्हास नदीनें केला असें आम्ही धरून चाललों होतों. पण १९३७ च्या महापुरांत तटांनीं गांव राखलें. २०११ सालीं पाणी त्याहूनही वर, सुमारें ६१.७ फुटांवर चढलें, तेव्हां सरकारी इंजिनियरांनीं पलीकडच्या मिसूरी राज्यांतील बांध सुरुंगानें उडवून सुमारें १,३०,००० एकर शेतजमिनीवर पाणी सोडलें, व केरो वांचविलें. त्या पाण्याखालीं पिनहूक हें कृष्णवर्णी लोकांचें लहानसें खेडें गेलें, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे.

व्यापार बसण्याचीं कारणें निराळीं आहेत. १८८९ सालीं ओहायोवर आगगाडीचा पूल झाला आणि डबे नावेंतून पार करण्याचा धंदा गेला. पुढें मोटारींचे पूल झाले. १९७८ पासून तर मोठा हमरस्ताही गांवास वळसा घालून जातो.

परंतु एवढ्यानें गांव इतकें ओसाड होत नाहीं. मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन'मधील जिम हा पळून निघालेला गुलाम याच केरोचा ध्यास घेऊन तराफ्यावर बसलेला असतो. येथून ओहायोंत वळलें कीं स्वातंत्र्याची वाट. कादंबरींत गांव धुक्यांत मागें पडतें. युद्धकाळांत मात्र हजारों दास्यमुक्त स्त्रीपुरुष खरोखरच येथें पोहोंचले, आणि त्यांपैकीं अनेकजण येथेंच राहिले. त्यांच्या वाट्यास काय आलें? १९०९ सालीं जमावानें विल्यम जेम्स या कृष्णवर्णी माणसास भर रस्त्यांत, हजारोंच्या देखत ठार मारिलें. आयडा वेल्स या कृष्णवर्णी विदुषीनें स्वतः येथें येऊन चौकशी केली व गव्हर्नरासमोर बाजू मांडली. कैद्याचें रक्षण न करणाऱ्या शेरीफास पुन्हां नेमणूक मिळाली नाहीं. १९६२ सालीं पोहण्याच्या तलावांत सर्वांस प्रवेश असावा म्हणून चळवळ झाली. शेवटीं तलावच बंद झाला व पुढें काँक्रीटनें भरून टाकण्यांत आला. महाडच्या तळ्याची हकीकत ज्यांस ठाऊक आहे, त्यांनीं याचें फार नवल मानूं नये. १९६७ सालीं रजेवर आलेला एक कृष्णवर्णी सैनिक पोलीसकोठडींत मृत आढळला. त्यानें आत्महत्या केली हें त्याच्या लोकांस पटलें नाहीं, आणि दंगे उसळले. १९६९ पासून त्यांनीं गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. कृष्णवर्णी नोकर ठेवण्यापेक्षां कित्येकांनीं दुकानेंच बंद केलीं. पुढें २०१७ सालीं सरकारनें दोन मोडकळीस आलेल्या वसाहती पाडण्याचें ठरविलें, तेव्हां सुमारें चारशें माणसांस घरें सोडावीं लागलीं.

कमर्शियल अॅव्हेन्यू या जुन्या बाजाररस्त्यावरून आम्ही पायीं हिंडलों. विटांच्या भिंती उभ्या. आंत झाडें वाढलेलीं. एका ओसरीवर बसलेल्या वृद्ध बाईंनीं हांक मारून कोठून आलांत, म्हणून विचारलें. हिंदुस्थानांतून, असें सांगतांच, "आमचें गांव पाहावयास?" म्हणून त्या हंसल्या. आमचे पूर्वीचे शेजारी आतां कोठकोठें गेले हें त्यांनीं एकेका मोकळ्या जागेकडे बोट दाखवून सांगितलें. यादी लांबली, सूनबाई त्यांच्याशेजारीं पायरीवर बसल्या, आणि चिवड्याचा डबा उघडला गेला.

त्या दिवशीं गांवांत चहाची सोय दिसेना. तेव्हां ओहायोवरील पूल ओलांडून केंटकी राज्यांतील विक्लिफ येथें गेलों. पुलावरून दोन्ही नद्या व मालानें लादलेल्या नावांची एक लांबलचक रांग दिसली. ती केरो येथें न थांबतां सरळ पुढें गेली.