तपकिरी बाटलीचं देणं

ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला आमच्या गॅरेजमध्ये मी जी काळी, गोडसर स्टाउट बिअर करते, तिला घरात सगळे ‘पुरणपोळी’ म्हणतात. कृती माझी, असं पाहुण्यांना सांगते खरी. पण तिच्यातलं जे काही बरं आहे ते मीरा रोडच्या पूनम सागरमध्ये, आमच्या समोरच्या दारातल्या आंटींकडून आलेलं आहे. आणि आंटी बिअरला शिवतसुद्धा नाहीत.

आंटी माहेरच्या उत्तनच्या, ईस्ट इंडियन. वसई-साष्टीच्या या ख्रिस्ती समाजाने 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, हे नाव घेतलं. घरात बोलतात ती मराठीच. आईची आणि त्यांची गट्टी डब्यावरून जमली. होळीला आमच्याकडून पुरणपोळ्या जायच्या आणि डबा रिकामा परत करायचा नाही, हा नियम दोन्ही घरांत सारखाच होता. त्यामुळे तो डबा कोणाचा, हे पुढे कोणालाच सांगता येईना.

एप्रिल-मे उजाडला की आंटींच्या मिरच्या गच्चीवर पडायच्या. बाटलीमसाल्याची तयारी! धणे, तीळ, खसखस, मिरी, दालचिनी, शिवाय थोडे गहू आणि हरभऱ्याची डाळ. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. मी एकदा घाईने दोन-तीन वाट्या एकत्र कढईत ओतायला निघाले, तर हात धरून म्हणाल्या, “बाय, तिळाचा कोळसा होईल आणि धणे कच्चे राहतील. ज्याचं त्याला भाजू दे.” कांडलेला मसाला मग बिअरच्या रिकाम्या तपकिरी बाटल्यांत काडीने ठासून भरायचा. भंगारवाल्याकडून आणलेल्या त्या बाटल्या धुऊन दाराशी वाळत घातल्या की सोसायटीतले एक काका फार सूचक हसायचे.

उजेडाने मसाल्याचा रंग उतरतो, म्हणून काच तपकिरी हवी. बिअरचंही तेच. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर ऊन पडलं की घाणेरडा वास सुटतो. हे पुस्तकात वाचलं तेव्हा मला काही नवीन वाटलं नाही.

नाताळात आंटी आल्याची वाइन करत. नावापुरतीच वाइन, तिच्यात दारू नसते. रंग येतो जाळलेल्या साखरेने. लोखंडी कढईत साखर वितळून लाल, मग काळपट, आणि धुराची पहिली रेघ दिसली की गरम पाणी. आंटी एक पाऊल मागे सरून ओतायच्या. क्षणभर आधी ओतलं तर नुसता गोड पाक, नंतर ओतलं तर राख. स्टाउटचा सगळा जीव याच कडेवर असतो. तिचा काळा रंग भाजलेल्या धान्याचा. लंडनच्या डॅनियल व्हीलरने 1817 मध्ये धान्य फिरत्या पिंपात भाजायची युक्ती काढली, तेव्हापासून असं काळं माल्ट सहज मिळू लागलं.

पूनम सागरमध्ये असताना बिअरचा विचारही शक्य नव्हता. 1949 चा दारूबंदी कायदा आडवा येतो, आणि तिथल्या उकाड्यात यीस्टही भलतेच वास सोडतं. अमेरिकेत 1978 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तशा कायद्यावर सही केल्यापासून घरी बिअर करता येते.

एकोणीस लिटरच्या घाण्यात अर्धा किलो गूळ घालते. यीस्ट त्याची साखर जवळजवळ सगळी खाऊन टाकतं. गोडी जाते, काकवीचा वास तेवढा मागे राहतो. म्हणून गोडीसाठी लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, जी यीस्टला पचत नाही. पोळीच्या नावाने गव्हाचं माल्ट. त्याने फेसही टिकतो. डाळ नाही, तिच्या पिठाने बिअर गढूळ होते. तूप तर नाहीच, फेस जागीच बसतो. डाळ-तुपाशिवाय कसली पुरणपोळी, असं नवरा दरवेळी विचारतो. जायफळ आणि वेलची वेगवेगळ्या बाटल्यांत व्होडकात भिजवते आणि बाटल्या भरायच्या दिवशी थेंबाथेंबाने चव घेत घालते. ज्याचं त्याला.

गेल्या खेपेला मीरा रोडला गेले तेव्हा आंटींना काय न्यावं, हा प्रश्नच होता. बिअर उपयोगाची नाही. शेवटी माझ्या वापरातल्या भाजलेल्या बार्लीची पुडी नेली. त्यांनी चष्मा वर केला, दाणा हुंगला, दाढेखाली फोडला.

“जळलेत. जरा आधी उतरवायचे,” म्हणाल्या, आणि आत जाऊन बाटलीमसाल्याच्या दोन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत घातल्या.

पुढच्या घाण्याला मी ती बार्ली निम्मी केली आणि बाकीच्या निम्म्याला फिकं भाजलेलं माल्ट घेतलं. शेवटी घशाला लागणारा राखेचा कडवटपणा गेला. नवरा म्हणाला, यंदा जायफळ चांगलं लागलंय. जायफळ तेवढंच होतं.