संगणक कोणाच्या कामासाठी?

घरात एखादी मोठी वस्तू यायची म्हटली की आपल्याकडे आधी किमतीची चर्चा होते, मग रंगारूपाची. तिच्यावर काम कोण करणार, हा प्रश्न शेवटी येतो. पुष्कळदा येतच नाही. शिलाई मशीन घेताना असे होत नाही, कारण ती कोण चालवणार हे सर्वांना ठाऊक असते. संगणक मात्र ‘मुलांसाठी’ म्हणून घेतला जातो, आणि ‘मुलांसाठी’ याचा अर्थ बहुधा मुलग्यासाठी असा निघतो. आमच्या घरी यंदा संगणक घेतला तेव्हा हीच गाठ सोडवावी लागली. त्यात जे शिकले, ते माझ्या भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

आम्ही बिरसीचे. गोंदियाजवळचे हे गाव विमानतळामुळे ओळखले जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी येथे धावपट्टी बांधली. आता तेथे वैमानिकांचे प्रशिक्षण चालते आणि शिकाऊ मुलांची लहान विमाने आमच्या डोक्यावरून फिरतात. अशा गावात वाढलेल्या माझ्या धाकट्याला विमान उडवण्याच्या खेळाचे वेड लागले, यात नवल नाही. मोठ्या मुलीचे वेड वेगळे. ती मोबाईलवर लग्नपत्रिका, जयंतीचे फलक, वाढदिवसाचे व्हिडिओ करून देते आणि तिला हलती चित्रे, म्हणजे ॲनिमेशन, शिकायचे आहे. मुलांचे बाबा गोंदियाला राईस मिलमध्ये कामाला आहेत. माझे बचत गटातले पैसे आणि त्यांची शिल्लक मिळून ५५,००० रुपये जमले. एवढ्यात पडद्यासकट सर्व बसवायचे होते.

धाकट्याने एका संध्याकाळी यादी करून आणली. तिच्यात निम्मे पैसे एकट्या ग्राफिक्स कार्डाला गेले होते. मग काचेचे, रंगीत दिव्यांचे कॅबिनेट. उरलेल्यात ८ जीबी रॅम, हाताला येईल तो पॉवर सप्लाय आणि स्वस्तातला पडदा. मुलगी यादी वाचून एवढेच म्हणाली, “यात माझं काम काऊन दिसत नाही?”

मुलांच्या बाबांना संगणकातले काही कळत नाही, पण गिरणीतले कळते. ते म्हणाले, “शेलर कितीही मोठा बसवा, पुढचं पॉलिशर लहान असलं तर तांदूळ साचूनच राहते. मोटार मोठी अन् पट्टा कच्चा, असं चालत नाही.” संगणक घेण्याचे सगळे शास्त्र मला या दोन वाक्यांत सापडले. एका भागावर पैसा ओतला की बाकीचे भाग त्याला अडवून धरतात. म्हणून आम्ही यादी बाजूला ठेवली आणि कागदावर भागांऐवजी कामे लिहिली. मुलीचे काम कमाईचे, म्हणून ते आधी. धाकट्याचा खेळ दुसरा. तो फुरंगटला, पण खेळ यादीतून काढला नव्हता, हे त्यालाही दिसत होते.

कामे लिहिल्यावर भाग आपोआप सुचू लागले. प्रोसेसर घेतला एएमडीचा रायझन ५ ५६००जी. त्यात ६ कोअर आहेत, म्हणजे एकाच वेळी काम करणारे सहा गडी समजा. व्हिडिओ जोडताना आणि ॲनिमेशनची चित्रे तयार करताना हे गडी कामी येतात. नावाच्या शेवटी ‘जी’ आहे, याचा अर्थ चित्र दाखवणारा भाग त्याच्या पोटातच आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसले तरी पडदा चालतो. भगिनींनो, या शेवटच्या अक्षराकडे नीट पाहा. नुसता ५६०० घेतला, किंवा इंटेलचा ‘एफ’ अक्षराचा प्रोसेसर घेतला, तर कार्डावाचून पडद्यावर काहीच दिसणार नाही.

असा पोटातला ग्राफिक्स भाग स्वतःची मेमरी आणत नाही, तो रॅममधूनच उसनी घेतो. म्हणून ८ जीबी पुरत नाही, १६ लागते. तीही १६ ची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घ्याव्या. एका रस्त्याऐवजी दोन रस्त्यांनी माल येतो आणि खेळाला तर त्याचा फरक लगेच जाणवतो. मदरबोर्ड रॅमच्या चार खाचांचा घेतला, म्हणजे पुढे आणखी दोन पट्ट्या लावता येतील. साठवणीला ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी. पडदा आयपीएस जातीचा, कारण बाजूने पाहिले तरी त्यातला रंग बदलत नाही. पडद्यावर निळा दिसणारा फलक छापून जांभळा आला, तर गिऱ्हाईक पुन्हा येत नसते.

काटकसर कुठे करू नये, तेही सांगते. पॉवर सप्लायमध्ये करू नये. तो खराब निघाला तर आपल्याबरोबर बाकीचे भागही घेऊन जातो. आम्ही नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा घेतला. आज एवढा लागत नाही, पण पुढे कार्ड लावायचे झाले तर बदलावा लागणार नाही. रंगीत दिवे गेले आणि त्या पैशांत यूपीएस आला. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. अर्धे झालेले काम जपून ठेवायला पाच-दहा मिनिटे मिळाली तरी पुष्कळ. आणि घरात अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून आधी तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंगकडे लक्ष देण्याची ती खूण आहे.

खरेदीसाठी आम्ही रेल्वेने नागपूरला गेलो. सीताबर्डीच्या एका दुकानात आम्हाला जुना संच दाखवण्यात आला. “ताई, हा आय-सेव्हन आहे, आय-थ्रीपेक्षा कितीतरी वरचा. निम्म्या भावात नेऊन जा.” मुलीने विचारले, “कोणत्या पिढीचा?” चौथ्या पिढीचा, म्हणजे २०१३ च्या सुमाराचा निघाला. २०२२ साली आलेला बाराव्या पिढीचा आय-थ्रीसुद्धा त्याच्यापुढे जातो. शिवाय विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आपण शिक्षण नसल्याने फसतो असे म्हणतात. येथे एका प्रश्नाने आमचे पैसे वाचले.

भावाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी फार महागल्या, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांसाठी मेमरीची प्रचंड उचल होऊ लागली. त्यामुळे जुन्या व्हिडिओतली किंमत धरून बाजारात जाऊ नये. दोन-तीन दुकानांतून भाव कागदावर घ्यावा, १८ टक्के जीएसटीसह पक्के बिल मागावे आणि प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच घ्यावा. वॉरंटीच्या वेळी तोच कागद बोलतो.

भाग घरीच जोडले. आधी हात लोखंडाला लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची. या प्रोसेसरला खाली बारीक पिना असतात. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण मदरबोर्डवरच्या त्रिकोणाशी जुळवून तो अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. हे सारे मुलीने केले आणि धाकट्याने बॅटरी धरली. पडदा उजळला तेव्हा दोघे एकदमच ओरडले.

सॉफ्टवेअरला पैसा लागला नाही आणि चोरीचे काही घातले नाही. लिनक्स मोफत आहे. मुलगी ब्लेंडर शिकते, तेही मोफत. लाटव्हिया या छोट्या देशातल्या दिग्दर्शकाने याच ब्लेंडरवर ‘फ्लो’ नावाचा चित्रपट केला आणि २०२५ साली त्याला ऑस्कर मिळाले. धाकट्यासाठी फ्लाइटगिअर हा विमानाचा खेळ. १९९७ पासून तो सर्वांना खुला आहे. त्याला हवा होता तो मायक्रोसॉफ्टचा २०२० सालचा खेळ एकटाच १५० जीबी जागा मागतो, वर वेगवान इंटरनेट मागतो. तो पुढे पाहू.

घरात वेळापत्रक लावले आहे. दिवसा आणि संध्याकाळी मुलीचे काम, रात्री जेवणानंतर एक तास खेळ. ब्लेंडरची चित्रे तयार व्हायला कधी रात्रभर लागते, तेव्हा धाकट्याचा तास बुडतो आणि भांडण होते. पण आता तोही विचारतो, “ताई, तुझं किती उरलं?” तिच्या कामाची त्याने अशी चौकशी करावी, हे मला त्या ग्राफिक्स कार्डापेक्षा मोठे वाटते. कार्ड घ्यायचेच आहे. ते मुलीच्या कमाईतून येईल, असे तिनेच ठरवले आहे. तेव्हा तिची चित्रेही लवकर होतील आणि त्याचे विमानही नीट उडेल.

माझ्या भगिनींना एवढेच सांगणे आहे की दुकानात जाण्यापूर्वी घरी एक कागद घ्या. त्यावर घरातल्या प्रत्येकाचे काम लिहा, मुलीचे विसरू नका. कोणते काम पोट भरणारे आहे, ते वर ठेवा. मग भागांची नावे विचारायला लाजू नका. पैसा आपल्या घामाचा आहे. तो कशावर चालला आहे, हे विचारण्याचा पहिला हक्कही आपलाच आहे.