मुक्कामांची वही

दिल्लीहून कराचीला मोटारीने जायचे तर वाटेत किती मुक्काम करावे लागतील, हा प्रश्न नानांनी आपल्या वहीत प्रथम २००४ साली लिहिला. वही साधी, लांबट, जमाखर्चाची. पहिल्या पानावर तारीख, तिच्याखाली पाच उभे रकाने: ठिकाण, अंतर, उतरण्याची सोय, पाहण्यासारखे, शेरा. निवृत्त अध्यापकाला शोभेल अशा वळणदार अक्षरात सुमारे सतराशे किलोमीटरांचा रस्ता त्या रकान्यांत बसवला होता. शेजारपाजारच्या हिंदीभाषकांना हे गृहस्थ आईचे वडील वाटत. वस्तुतः ते मुलाकडचे आजोबा. पण मराठी घरात ‘नाना’ कोणालाही म्हणतात, हे सांगून सांगून नात थकली होती आणि तिने तो नाद सोडून दिला होता.

या प्रवासामागचे कारण एका पुस्तकात होते. दादोबा पांडुरंगांच्या मराठी व्याकरणाची एक जीर्ण प्रत नानांच्या कपाटात वेगळ्या कप्प्यात असे. तिच्यावर कराचीतील एका मराठी वाचनालयाचा जांभळा शिक्का होता, आणि मागच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीत परतीची तारीख होती: १२ जानेवारी १९४८. त्या महिन्याच्या ६ तारखेला कराचीत दंगल उसळली. नानांच्या वडिलांनी बायकोमुलांना घेऊन मुंबईची बोट धरली, तेव्हा परतीच्या तारखेला दोन दिवस बाकी होते. बांधाबांध आईने केली होती. व्याकरण एका चादरीच्या घडीत आले, आणि ते मुंबईत उघडल्यावर वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. घर गेले, भांडीकुंडी गेली, त्याबद्दल त्यांनी पुढे कधी हळहळ केल्याचे कोणाला आठवत नाही. दुसऱ्याचे पुस्तक आपल्याकडे राहिले, एवढीच गोष्ट मात्र त्यांच्या मनाला शेवटपर्यंत लागून राहिली. १९७१ च्या डिसेंबरात, लढाई चालू असताना ते वारले, तेव्हा त्यांनी मुलाला जे सांगितले त्यात मालमत्तेचा उल्लेख नव्हता.

वडील रत्नागिरीकडून कराचीला गेले ते १९२७ साली, शाळामास्तर म्हणून. त्या वेळी त्यांनी कोणतीही सीमा ओलांडली नव्हती. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. मुंबईहून कराचीला बदली होणे म्हणजे साताऱ्याहून धारवाडला बदली होण्यासारखेच होते. बंदर रोडवरच्या, १८५५ साली सुरू झालेल्या मोठ्या सरकारी शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे, आणि ते आजही आहे. १९३६ च्या १ एप्रिलला सिंध वेगळा प्रांत झाला. १९४७ साली देश वेगळा झाला. १९४८ च्या जुलैपासून येण्याजाण्याला परवाना लागू लागला आणि १९५२ च्या ऑक्टोबरात पासपोर्ट आला. एकाच माणसाच्या आयुष्यात एकच गाव आधी इलाख्यातले, मग शेजारच्या प्रांतातले, मग परदेशातले झाले. गाव जागचे हलले नव्हते. नाना हा क्रम विद्यार्थ्यांना भाषांच्या सरहद्दी शिकवताना सांगत. तो आपल्या घरातला आहे, हे मात्र ते सांगत नसत.

वहीतला पहिला मुक्काम पानिपत होता. ‘‘नाना, कामाला निघताना कोणी पानिपतला थांबतं का?’’ नातीने विचारले. नानांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: ‘फक्त चहा.’ दुसरा मुक्काम घुमान. गुरदासपूर जिल्ह्यातल्या बटाल्याजवळचे हे गाव परंपरेने नामदेवांच्या अखेरच्या वास्तव्याचे मानले जाते. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावी भरले होते. पंढरपूरहून पंजाबात जाऊन तिथल्या लोकांच्या बोलीत गाणाऱ्या या शिंप्याला कोणी प्रवेशाचे ठिकाण विचारले नसेल, असे नाना म्हणत. मराठी माणूस अटकेपार झेंडे लावल्याचे १७५८ पासून सांगत आला आहे. झेंडा घेऊन जाणाऱ्याला व्हिसा लागला नाही. पुस्तक घेऊन जाणाऱ्याला तो लागतो.

व्हिशाचे गणित खरोखर अवघड होते. या दोन देशांचा व्हिसा देशाचा नसतो, गावांचा असतो. ज्या गावांची नावे लिहिली असतील तेथेच जाता येते, आणि आत शिरण्याचे व बाहेर पडण्याचे ठिकाणही त्यावर नमूद असते. आरंभी तीनच गावे मिळत. नानांनी लाहोर, मुलतान आणि कराची लिहिली. २०१२ च्या सप्टेंबरातील करारानंतर पाच गावांची सोय झाली, तेव्हा त्यांनी हिरव्या शाईने दोन नावे वाढवली. एक सक्कर, कारण तिथले सिंधूवरचे १९३२ चे धरण मुंबई सरकारने बांधले आणि त्याला मुंबईच्याच गव्हर्नराचे नाव दिले होते. दुसरे सिंधमधील हैदराबाद, कारण तिथून शाह अब्दुल लतीफ यांचे भिट शाह जवळ आहे. हडप्पा लाहोर-मुलतान वाटेच्या अगदी शेजारी येते, पण सहावे नाव घालता येत नव्हते. शेऱ्यात लिहिले आहे: ‘गाडीतून नमस्कार.’

आपली मोटार अटारीपर्यंतच न्यायची, मुलाने ती परत आणायची, पांढरी रेघ पायी ओलांडायची आणि पलीकडे भाड्याची गाडी करायची, असे ठरले होते. २००६ साली मुनाबाव-खोखरापार मार्गावर आगगाडी पुन्हा सुरू झाली. ती वाट कितीतरी जवळची होती. नानांनी ती नाकारली. आगगाडी आपल्याला हवे तिथे थांबत नाही, हे कारण त्यांनी दिले. रात्री उशिरा नातीने पुन्हा विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘अगं, आम्ही तिथून निघालो ते एका रात्रीत. जाताना तरी सावकाश जाऊ दे.’’

अर्जात ‘भेटीचे कारण’ असा एक रकाना होता. कराचीत नानांचे नातेवाईक नव्हते. त्यांनी कच्च्या प्रतीत लिहिले: ‘पुस्तक परत करणे.’ मुलाने ते वाचून डोक्याला हात लावला. अखेरीस एका चर्चासत्रात भेटलेल्या सिंधी अभ्यासकाला नानांनी पत्र टाकले. दोन महिन्यांनी उत्तर आले. त्या वाचनालयाचे नाव आता कोणाला आठवत नाही, त्या जागी दुकाने आहेत, असे त्यात होते. खाली एक ओळ होती: पुस्तक आणाच, ठेवायला जागा पाहू. नानांनी ते पत्र व्याकरणाच्या पहिल्या पानाशी ठेवले. परत घ्यायला कोणी उरले नसताना ऋण फिटते का, हा प्रश्न त्यांना त्या दिवसापासून पडला. मित्रांशी बोलताना ते म्हणत की घेणारा नाहीसा झाल्याने देणारा सुटत नाही. उलट कोणाला द्यायचे हे शोधण्याचे कामही त्याच्याच अंगावर येते.

वहीत प्रस्थानाच्या तारखा तीन शायांत आहेत आणि तिन्ही खोडलेल्या आहेत. निळी तारीख २००९ च्या जानेवारीची; त्याआधी २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला. हिरवी २०१४ ची. त्या वर्षी नानांच्या पत्नीचे आजारपण सुरू झाले आणि ते चार वर्षे चालले. काळी २०१९ च्या ऑक्टोबरची. त्या ऑगस्टमध्ये दिल्ली-लाहोर बस थांबली, आगगाड्याही थांबल्या. त्याच नोव्हेंबरात मुलतान ते सक्कर हा ३९२ किलोमीटरांचा नवा द्रुतगती मार्ग खुला झाल्याचे नातीने वाचून दाखवले. नानांनी वही मागवून घेतली आणि त्या टप्प्याचे तास कमी केले. न निघालेल्या प्रवासातला अर्धा दिवस वाचल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला हत्याकांड झाले आणि दुसऱ्याच दिवशी अटारीचे नाके बंद केल्याची घोषणा झाली. पुस्तक निदान टपालाने पाठवावे, असे नातीने सुचवले होते. मे महिन्याच्या आरंभी टपालही बंद झाले. मरण पावलेल्यांच्या बातम्या चालू असताना वहीचा विषय काढण्याची घरात कोणाला हिंमत होईना. तो नानांनीच काढला. ‘‘माणसं गेली, तिथं माझ्या पुस्तकाचं काय मोठं?’’ असे ते म्हणाले; आणि थोड्या वेळाने, ‘‘पण मोठं नाही म्हणून ते माझं होत नाही.’’

पावसाळा सरल्यावर नात त्यांना मोटारीने घेऊन निघाली. नाना तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. पानिपतला त्यांनी चहा घेतला. घुमानला ते दोन दिवस राहिले. पहाटे गुरुद्वाऱ्यात कीर्तन चालू असताना नामदेवांचे पद आले. शब्द ओळखीचे आणि उच्चार परके, असे ऐकत ते भिंतीला टेकून बसले. व्याकरण पिशवीत होते. तिथल्या एका वृद्ध सेवेकऱ्याने पिशवीत काय आहे, असे विचारले. नानांनी पुस्तक काढून दाखवले. लिपी ओळखून त्याने अडखळत एक शब्द वाचला, आणि दोन्ही हातांनी ते परत दिले. ते इथेच ठेवावे का, असे नातीने हलक्या आवाजात विचारले. नानांनी मान हलवली. ज्यांचे आहे त्यांच्या गावाची वाट अजून पुढे होती.

तिथून अटारी दूर नव्हते. तिकडे जायचे नाही, हे न बोलता ठरले. मुक्कामाच्या खोलीत नानांनी वही उघडली. घुमानच्या ओळीत शेऱ्याखाली ‘झाला’ असे लिहिले. खालच्या ओळीत लाहोर होते. त्यापुढचे अंतर त्यांनी पुन्हा एकदा तपासले, उतरण्याच्या जागेसमोर ‘चौकशी करणे’ असे लिहिले आणि टोपण लावून पेन नातीच्या हाती दिले.